बिनमाईकचं मानापमान

दुसरबीडच्या बसस्टँडवर ऑटो थांबवून कुणी भोंग्यावरून पुकारलं की आज रात्री अमक्याच्या मदतीसाठी संगीत नाटक आहे, तर भाकरी उरकून आपण सहज निघू. पन्नासची पावती फाडू, मागं सतरंजीवर जागा धरू. पण काळ १९२१ चा आणि पुढच्या रांगेचं तिकीट शंभर रुपये असेल तर? मुंबईत लोकांनी तेही काढलं.

८ जुलै १९२१. बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' लागलं. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी, ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन्ही मंडळ्या एकमेकींच्या तोडीस तोड, रसिकांतही दोन तट. ते दोघे एकाच रंगमंचावर उभे राहिले आणि एका रात्रीत सोळा हजारांच्या घरात रक्कम जमली.

नाटकही काय निवडलं! ते लिहिणारे खाडिलकर टिळकांच्या 'केसरी'तले. त्यांच्या 'कीचकवधा'वर सरकारनं १९१० मध्ये बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षी गोविंदराव टेंब्यांच्या चालींसह 'मानापमान' आलं. त्यातली धनवंताघरची भामिनी गरीब धैर्यधराला झिडकारते; पैशापेक्षा पराक्रम मोठा, हे तिला उशिरा उमगतं. पैशाला हिणवणारं नाटक पैशासाठी झोळी फिरवतंय, हे मला तरी फार आवडतं.

आणि हे सगळं बिनमाईकचं. ऑर्गनवाला पायानं भाता हलवत सूर धरून ठेवणार, जोडीला तबला. मग शेवटच्या रांगेतल्याला पद ऐकू कसं येई? माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या टापूत सर्वांत तिखट असतो. कमावलेल्या, खुल्या गळ्यातून मूळ स्वराबरोबर या टापूतले वरचे स्वरांशही जोरकस निघतात. तबला-ऑर्गनच्या गजरातून वाट काढतात ते हेच. नुसतं ओरडून हे साधत नाही, त्याला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो.

त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही. तेव्हा गायकाला कर्ण्यासमोर तोंड धरून गावं लागे आणि तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. अख्खं नाटक त्यात मावणार कसं? केशवराव तर त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेले, अवघ्या ३१ व्या वर्षी. दोघांच्या वेगवेगळ्या तबकड्या मात्र आज मोबाईलवर सापडतात. खरखरीकडे काणाडोळा करा आणि पाठोपाठ ऐका.