जुनी बेस गिटार घेताय? रंग नंतर, आधी मान बघा

गणपती दोन महिन्यांवर आले की बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या वाजवणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो: "कुणाकडं जुनी बेस हाय काय? बजेट पंधरा." लीड गिटार वाजवणारे गल्लीत चार सापडतात, कीबोर्डवाले दोन. बेसवाला मात्र नसतो, म्हणून शेवटी कुणाला तरी "तू शीक रे" म्हणून पुढे ढकललं जातं आणि मग त्याच्यासाठी वाद्य शोधायची धावपळ सुरू होते.

माल येतो तीन वाटांनी. बेळगावात शिकायला आलेली बाहेरगावची मुलं कॉलेज संपवून जाताना विकतात. गोव्यात लग्नाच्या आणि हॉटेलच्या बँडमध्ये वाजवणारे नवं वाद्य घेतलं की जुनं काढतात. आणि पुण्या-कोल्हापूरकडचे हौशी, ज्यांना दर सहा महिन्यांनी वेगळा रंग हवा असतो. म्हणजे सौदा बहुतेक वेळा राज्याची हद्द ओलांडून होतो, फोटो बघून होतो, आणि पैसे आधी जातात. फसगत होते ती इथंच. विकणारा दरवेळी लबाड असतो असं नाही, पण घेणाऱ्याला काय विचारायचं तेच ठाऊक नसतं.

पहिली गोष्ट, मोबाईलवर व्हिडिओ बघून आवाज पारखू नका. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात. मोबाईलच्या स्पीकरमधून हा सूर बाहेर पडतच नाही. आपण ऐकतो ते त्याचे वरचे उपस्वर. हेडफोन लावला तर थोडं कळतं, पण तेवढ्यावर पंधरा हजार द्यावेत असं नाही. आवाज पुढे बदलता येतो. बदलता येत नाही, किंवा बदलायला वाद्याच्या किमतीइतका खर्च येतो, ती गोष्ट म्हणजे मान.

इलेक्ट्रिक बेसचा आजचा साचा लिओ फेंडरनं 1951 साली अमेरिकेत प्रिसिजन बेस आणली तेव्हा पडला. धड एक, मान वेगळी, दोन्ही स्क्रूनं जोडलेली. तारेची मोकळी लांबी 34 इंच. तीच लांबी आजही बहुतेक कंपन्या पाळतात. चार तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या आसपास जातो आणि तो ताण वर्षानुवर्षं एका लाकडी पट्टीनं सोसायचा असतो. म्हणून मानेच्या पोटात एक लोखंडी सळी घातलेली असते, ट्रस रॉड. तारा मानेला पुढे ओढतात, सळी मागे धरते. हा तोल साधलेला असला की बोटाखाली तार मऊ लागते, बिघडला की एकतर तार उंच उभी राहते नाहीतर फ्रेटवर खडखडते.

तपासायची पद्धत सोपी आहे. जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हातानं आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हातानं दाबा. तार आता सरळ पट्टीसारखी ताणलेली आहे. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फटच नसेल तर मान मागे गेलीय, दोन-तीन कार्डं बसत असतील तर पुढे वाकलीय. दोन्हीवर उपाय आहे, ॲलन की घालून सळी एका वेळी पाव फेरा फिरवायची, आणखी फिरवायची गरज पडली तर थोडं थांबून पुन्हा तपासायचं. उपाय नाही तो पिळावर. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून डोक्याकडून धडाकडे बघा. मानेच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. एक कड खाली झुकलेली दिसली तर मान पिळली आहे. अशी बेस कितीही चकचकीत असू दे, "दादा, नंतर सांगतो" म्हणायचं आणि चहा पिऊन निघायचं.

आणि ट्रस रॉडचं तोंड बघा. माझी पहिली बेस मी फक्त रंगावर भाळून घेतली होती. लालभडक, वर पांढरी पट्टी. घरी आणून की घातली तर ती गरागरा फिरली. आधीच्या कुणीतरी चुकीच्या मापाची की घालून आतलं षटकोनी भोक घासून गोल करून टाकलं होतं. विकणाऱ्याला ते माहीत होतं की नाही कोण जाणे. पुढचे दोन पावसाळे मी ती बेस वरच्या पाच फ्रेटवर खडखडतच वाजवली. म्हणून आता मी समोरच्याला सांगतो, की घालून दोन्हीकडे किंचित हलवून दाखवा. नाही म्हणाला तर व्यवहार नाही.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर, आपल्या पट्ट्यात हवा हा वाद्याचा मोठा शत्रू आहे. जूनमध्ये लाकूड फुगतं, मार्चमध्ये आकसतं. गोव्याच्या किनाऱ्यावरची बेस घेत असाल तर ब्रिजचे बारीक स्क्रू बघा. खाऱ्या हवेनं ते गंजून जाम झालेले असतात आणि तारेची उंची बदलायला गेलं की डोकं तुटतं. उलट दमट जागी राहिलेली गिटार सोलापूर, हैदराबाद किंवा ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत नेली की महिन्या-दोन महिन्यांत मानेचं लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येतात आणि तळवा घासून निघतो. तो दोष नाही. कानशीनं टोकं घासून घेता येतात, तासाभराचं काम. पण विकणाऱ्याकडून दोनेक हजार कमी करायला कारण चांगलं.

फ्रेट झिजलेत का हेही बोटानं कळतं. तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर तारेखाली खळगे पडलेले असतील तर त्या बेसनं बरंच काम केलं आहे. किंचित झीज चालते, सगळे फ्रेट एका पातळीत घासून घेता येतात. आपल्याकडं गिटारचे कारागीर मोजके, पण मिरज जवळ आहे. सतार-तंबोऱ्याच्या त्या गावात पडदे आणि घोडी यांची समज असलेले हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फक्त एक फरक लक्षात ठेवा. तंबोऱ्याला जवारी हवी असते, तार घोडीला घासून झंकारायला हवी. बेसला नेमकं तेच नको असतं. काम सांगताना हे स्पष्ट बोला, नाहीतर जिथं खडखड घालवायची तिथं ती सुरेल करून मिळेल!

लाकडाबद्दल जाता जाता. मानेवरच्या काळसर पट्टीसाठी जगभर वापरलं जाणारं लाकूड म्हणजे आपला शिसव. 2017 च्या सुरुवातीला त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक परवाने लागू झाले. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर स्वस्तातल्या गिटारींवर दुसरी लाकडं आली होती. जाहिरातीत 'इंडियन लॉरेल' असं भारदस्त नाव दिसलं तर बावरू नका. तो ऐन आहे, खानापूरच्या जंगलात उभा असतो तोच. हात फिरवायला चांगला आहे, त्यासाठी किंमत पाडायची गरज नाही.

आता कस्टमायझेशन, म्हणजे ज्यावर हौशी माणूस सगळ्यात जास्त पैसे उडवतो. प्रिसिजन आणि 1960 ची जॅझ बेस हे दोन नमुने इतके पसरले की पिकअप, ब्रिज, खुंट्या यांची मापं जवळजवळ ठरून गेली. त्यामुळे भाग बदलणं सोपं झालं. समजा तुम्ही अठरा हजारांची बेस घेतली आणि नामांकित कंपनीचे पिकअप, जड ब्रिज, नव्या खुंट्या असे बारा हजार घातले. तुमच्या डोक्यात ती तीस हजारांची झाली. बाजारात ती अठराचीच आहे, कदाचित सोळाची, कारण घेणाऱ्याला तुमच्या सोल्डरिंगवर भरवसा नाही. घातलेला पैसा वाजवण्याच्या आनंदात वसूल होतो, विक्रीत होत नाही. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, स्क्रूसकट, डब्यात जपून ठेवा. विकताना मूळ भाग परत बसवायचे आणि भारी पिकअप वेगळे विकायचे. एकत्र विकण्यापेक्षा हे जवळपास नेहमीच जास्त पैसे देऊन जातं.

लाकूड मात्र कोरू नका. मोठा पिकअप बसवायला धडात छिन्नी किंवा राउटर चालवला की ती वाट एकेरी. तीच गोष्ट फ्रेट उपटून फ्रेटलेस करण्याची. जाको पास्टोरियसची 1962 ची जॅझ बेस फ्रेट नसलेली होती आणि त्या आवाजानं जग वेडं झालं हे खरं. आपल्या कानाला तर मींड आधीच प्यारी. पण सुतारानं पक्कड लावून फ्रेट ओढले की पट्टीच्या ढलप्या निघतात, आणि नंतर ती बेस ना फ्रेटची राहते ना बिनफ्रेटची. हौस असेल तर जादा स्वस्त मान मिळवून तिच्यावर प्रयोग करा. स्क्रूनं जोडलेली असते, ती याच कामाला.

माझं विचाराल तर पहिला खर्च तारांवर करावा. मोटाऊनचा जेम्स जेमर्सन सपाट गुंडाळीच्या तारा वापरायचा आणि तुटल्याशिवाय बदलत नसे. जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रात तो गोल, दबका ठोका फार शोभतो, आणि सपाट तारा फ्रेटही कमी खातात. दुसरा खर्च आतल्या वायरिंगचा. बटण फिरवताना खरखर होत असेल तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. तेवढ्यानं नाही भागलं तर पॉट आणि जॅक बदलायला काही शे रुपये लागतात. गणपतीच्या मांडवात ट्यूबलाइटची आणि डिमरची गुणगुण गिटारमध्ये शिरते, त्यावर पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडणं हा चांगला उपाय आहे.

चार तारा की पाच, हा प्रश्न इंग्रजी पुस्तकं सांगतात त्याहून आपल्याकडं वेगळा आहे. आपले गायक 'काळी दोन' म्हणतात आणि सुरू होतात. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर पांढरी तीन. काळी दोनचा खालचा षड्ज त्याच्या अर्ध्या सुरानं खाली राहतो, म्हणजे हातात नाहीच. मग तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि गाण्याचा तळ उचलला जातो. काळी एकची हीच गत. पाच तारांच्या बेसवर हे दोन्ही जाड तारेच्या चौथ्या आणि दुसऱ्या फ्रेटवर आरामात सापडतात. भजन, भावगीत, ऑर्केस्ट्रा असं काम असेल तर पाच तारांची जुनी बेस शोधायला चार महिने थांबलात तरी चालेल. रॉक किंवा गोव्याच्या लग्नातलं वाजवणार असाल तर चार पुरेत, आणि मान अरुंद असल्यामुळे शिकायलाही सोप्या.

नकली मालाचंही बघा. स्क्वायर ही फेंडरचीच स्वस्त मालिका. तिच्या डोक्यावरचं नाव खरवडून 'फेंडर'चं स्टिकर लावलं की मागितलेली किंमत दुप्पट होते. सिरियल नंबरचा फोटो मागा. आयसीएस अक्षरांनी सुरू होत असेल तर ती इंडोनेशियात बनलेली स्क्वायर आहे, समोर काहीही लिहिलेलं असो. वाईट नाही, पण स्क्वायरच्या भावानं घ्या.

शक्य असेल तर पार्सलच्या भानगडीत न पडता अर्ध्या वाटेवर भेटा. कोल्हापूरवाला आणि बेळगाववाला निपाणीत, गोव्याचा माणूस चोर्ल्याच्या घाटाखाली साखळीत. एखाद्या ओळखीच्या मंडळाच्या खोलीत छोटा ॲम्प लावून घ्या. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा वाजवा, दहा मिनिटं लागतात, समोरचा कंटाळला तरी चालेल. ज्या बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते तिचं मागचं झाकण उघडून बॅटरी गळलीय का ते बघा. घरी आल्यावर वायर गिटारला लावून ठेवू नका, लावलेली असेल तोवर बॅटरी आतल्या आत संपत राहते.

पार्सलनंच मागवावी लागली तर विकणाऱ्याला दोन गोष्टी सांगा. तारा थोड्या सैल कराव्यात, पण पूर्ण उतरवू नयेत. आणि डोक्याखाली, मान संपते तिथं, गुंडाळलेला टॉवेल दाबून बसवावा. आडवी ठेवलेली पेटी वरून आपटली तर गिटार मोडते ती नेमकी तिथंच.