पुतळ्याची उंची आणि प्रतिकृतीचे प्रमाण

रणगाडा, रेल्वे किंवा इमारतीची प्रतिकृती गुणोत्तराने ओळखली जाते, तर सैनिकांचे छोटे पुतळे मिलिमीटरमध्ये मोजले जातात. माणसाची उंची 1.75 मीटर धरून तिला प्रमाणाच्या आकड्याने भागले की हिशेब जुळतो. 1:72 ला पुतळा सुमारे 24 मिमी, 1:35 ला 50 मिमी आणि 1:87 ला, म्हणजे एचओ रेल्वेसाठी, 20 मिमी भरतो. 54 मिमीचे पारंपरिक सैनिक 1:32 शी उत्तम जमतात.

खरा घोळ होतो तो 28 मिमीचा. ही उंची बरेचदा तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत नाही. डोक्यापर्यंत धरली तर प्रमाण 1:62 च्या आसपास येते. डोळ्यांपर्यंत धरली तर 1:58 च्या जवळ. म्हणूनच अशा पुतळ्यांसोबत 1:56 ची वाहने सर्रास वापरतात. त्यातच ‘हिरोइक’ घडणीत डोके, हात आणि शस्त्रे मुद्दाम जाड केलेली असतात, शिवाय पायाखालची चकती उंची वाढवते. त्यामुळे डब्यावरच्या आकड्यापेक्षा बंदूक, दरवाजा किंवा वाहनाचे आसन पुतळ्याशेजारी ठेवून पाहणे अधिक भरवशाचे. शंका असल्यास लहान प्रमाणाची वाहने मागे ठेवावीत. अंतरामुळे फरक खपून जातो.