मेंदूतला फुगा आणि प्लॅटिनमची तार

आपल्या नांदेड-लातूरकडे एखादा धडधाकट माणूस बोलता बोलता डोकं धरून कोसळला की लोक म्हणतात, "मेंदूची नस फुटली." आणि मग सगळे गप्पच होतात. पण मित्रांनो, या फुटलेल्या नसेवर आता कवटी न उघडताही इलाज होतो, आणि त्यातलं निम्मं शास्त्र आपल्याच सिलॅबसमधलं आहे.

मेंदूतल्या धमनीला जिथे फाटे फुटतात, तिथे कधीकधी भिंत कमकुवत होऊन फुगा येतो. त्याला ॲन्युरिझम म्हणतात. थिन स्फेरिकल शेलचं सूत्र आठवा: स्ट्रेस म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले जाडीची चौपट. फुगा वाढला की व्यास वाढतो आणि भिंत पातळ होते, म्हणजे स्ट्रेस दोन्हीकडून चढतो. (रक्तवाहिनी काही माइल्ड स्टील नाही, पण हिशोब साधारण तोच.) त्यात हाय बीपी आणि सिगारेट यांची भर.

पूर्वी उपाय एकच होता. कवटी उघडायची आणि फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा. वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली असा पहिला चिमटा लावला. पुढे इटलीचे गुइडो गुग्लिएल्मी फुग्यात वीज सोडून रक्त गोठवायचे प्रयोग करत होते. त्यात इलेक्ट्रोडचं टोक विद्युत-विघटनाने चुकून निसटलं, आणि या निसटण्यातूनच कॉइलची कल्पना निघाली. १९९० मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला पहिल्या पेशंटवर ती वापरली गेली.

जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत मानेतून थेट मेंदूतल्या फुग्यापर्यंत नेतात. अँजिओप्लास्टीसारखंच, फक्त रस्ता लांबचा आणि वळणांचा. नळीतून प्लॅटिनमची मऊ तार सरकवली की ती आत लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळत जाते. तार जागेवर बसली की साधारण एक मिलिअँपिअर करंट सोडायचा. पोलादी सांधा ॲनोड म्हणून विरघळतो, प्लॅटिनम मात्र तसंच राहतं आणि कॉइल सुटते. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला कंटाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं! (आता वेगळ्या पद्धतीने सुटणाऱ्या कॉइल्सही आहेत.) फुगा भरला की आत रक्त फिरत नाही, गोठतं, आणि पुन्हा फुटायची भीती खूप कमी होते.

२००२ साली 'लॅन्सेट'मध्ये २,१४३ पेशंटांची तुलना छापून आली. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचं प्रमाण कॉइलमध्ये २३.७ टक्के होतं, चिमट्यात ३०.६ टक्के. म्हणून चिमटा बाद झाला असं मात्र नाही. रुंद मानेच्या किंवा अडचणीच्या जागच्या फुग्याला अजूनही तो बरा पडू शकतो. शिवाय आधीच सांडलेलं रक्त कॉइल काढून टाकत नाही. त्यामुळे पुढचे दोन आठवडे रक्तवाहिन्या आकसण्याचा धोका असतोच, आणि पेशंटला आयसीयूत नजरेखाली ठेवावं लागतं.

आता होस्टेलचं. आपल्या वयात हे क्वचित घडतं, पण मेसमधले मामा, रेक्टर सर, घरचे आई-वडील यांच्या वयात जास्त. खूण एकच लक्षात ठेवा: वीज पडावी तसं क्षणात सुरू झालेलं, आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं दुखणं. सोबत उलटी, मान आखडणं, बेशुद्धी. "पित्त झालंय, झोप जरा" म्हणून गोळी देऊन झोपवू नका, ॲस्पिरिन तर अजिबात नको. फुगा पुन्हा फुटायचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असतो आणि सीटी स्कॅनमध्ये रक्त सर्वांत नीट पहिल्या सहा तासांत दिसतं. १०८ ला फोन करा. विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. तिथे सीटीत रक्त दिसलं की कॉइल कुठे टाकता येईल हे डॉक्टरांनाच लगेच विचारा, म्हणजे हैदराबाद, सोलापूर की पुणे या नातेवाइकांच्या चर्चेत रात्र जाणार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या, आरोग्यमित्राला भेटा. आणि दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं, ते कागदावर लिहून न्या.