घरी मेटल डिटेक्टर बनवताय? आधी कॉईल समजून घ्या, मग कायदा

पीव्हीसी पाईपचा दांडा, खाली तारेचं कडं आणि शेतात 'टूंऽऽ' असा आवाज. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. सर्किटचं किट ऑनलाइन मिळतं. घोडं अडतं ते खालच्या कड्यावर, म्हणजे सर्च कॉईलवर.

पल्स इंडक्शन डिटेक्टर कॉईलमध्ये क्षणभर करंट सोडतो आणि झटक्यात तोडतो. त्या झटक्याने जवळच्या धातूत छोटे प्रवाह फिरू लागतात आणि विझत जातात. करंट तोडल्यावर साधारण 10 ते 20 मायक्रोसेकंदांनी सर्किट त्यांचा पडसाद ऐकतं. तोवर कॉईलच शांत झाली नसेल, तर नाण्याचा बारीक पडसाद तिच्याच गोंगाटात बुडतो.

नेहमीचं माप असं: 26 सेंटिमीटर व्यास, अर्धा मिलिमीटर जाडीची एनॅमलची तांब्याची तार, 22 वेढे. साधारण 18 मीटर तार लागते आणि इंडक्टन्स 300 मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात ही तार मिळते.

जास्त वेढे म्हणजे जास्त ताकद? इथेच गडबड होते. वेढे दुप्पट केले की इंडक्टन्स जवळपास चौपट होतो आणि कॉईल शांत व्हायला वेळ लागतो. वेढे एकमेकांना चिकटले की कपॅसिटन्सही वाढतो. म्हणून जाणकार जाड इन्सुलेशनची तार घेतात. वेढे हलणार नाहीत असे बांधा आणि कड्यात लोखंडी स्क्रू ठेवू नका, नाहीतर डिटेक्टर स्वतःलाच शोधत बसेल.

आणि सापडतं काय? बहुतेकदा खिळे आणि बाटलीची बुचं. सोनं कुठलं, लोखंड कुठलं, हे सांगण्यात हे तंत्र कच्चं आहे. नाणं वीतभर खोल असेल तरच आशा.

नागपूरकरांनी तर जास्तच जपायला हवं. काटोल रोडकडच्या जुनापाणीत महापाषाणकालीन शिळावर्तुळं आहेत आणि तिथल्या उत्खननात लोखंडी हत्यारं निघाली आहेत. म्हणजे डिटेक्टर तिथे वाजणारच. पण ही जागा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी होती यावरूनच अभ्यासकांना तिचा काळ कळतो. एकदा उपटली की ती माहिती गेली.

स्वतःच्या शेतात सापडलं तर? 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेल्या वस्तूची किंमत 10 रुपयांपेक्षा जास्त असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.