गोळी तीच, मग खाज परत का येते?

बेकरीत पावाचे पीठ फुगवते ते यीस्ट. एका पेशीचा जीव. पळायला पाय नाहीत, सावलीला जाता येत नाही. उष्णता वाढो, मीठ वाढो की साखर संपो, जागच्या जागी निभवावे लागते.

त्याच्याकडे सुमारे ६,००० जनुके असतात. जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती. सगळ्या कृती एकाच वेळी वापरात नसतात. उष्णता वाढली की एमएसएन-२ नावाचे प्रथिन काही मिनिटांत पेशीच्या केंद्रकात शिरते आणि संकटात लागणारी जनुके चालू करते. एकूण ९०० च्या आसपास जनुकांचे काम बदलते. त्यातली बरीचशी मंदावतात. घरातला कमावता माणूस आजारी पडला की आपण आधी बाकीचे खर्च थांबवतो, तसेच हे. वाढ थांबते आणि गुंता झालेली प्रथिने सोडवणारी प्रथिने तयार होऊ लागतात. म्हणून आधी ३७ अंश सोसलेले यीस्ट पुढे ५० अंशांतही बरेच तगते. एकदम ५० अंशांत टाकलेले बहुतेक मरते.

याच यीस्टचा भाऊबंद कॅन्डिडा आपल्या शरीरात राहतो. तो वाढला की मायांगात खाज सुटते, दह्यासारखे पांढरे जाते. त्यावरची फ्लुकोनॅझोल गोळी त्याच्या पेशीचे आवरण नीट बनू देत नाही. कॅन्डिडाला ते संकटच. तोही जनुके चालू करतो आणि औषध बाहेर फेकणारे पंप वाढवतो. औषध पुन्हा पुन्हा मिळत राहिले, तर पंप कायमचे चालू राहिलेले कॅन्डिडा मागे उरतात. त्यांच्यावर तीच गोळी चालत नाही.

भगिनींनो, लाजेपायी मेडिकलमधून गोळी मागवणे, शेजारणीची उरलेली घेणे, हे आपल्या वस्तीत सर्रास चालते. लाज सोडा, तपासून घ्या. पिवळे-हिरवे, वास मारणारे जात असेल तर दुखणे बहुधा वेगळे असते, तिथे ही गोळी उपयोगाची नाही. त्रास वारंवार होत असेल तर रक्तातली साखरही तपासा. दिवस गेले असतील, किंवा तशी शंका असेल, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.