जवनिकांची थरथर आणि पहिली तीन मिनिटे

बेंगळुरूच्या राजाजीनगरातून जाणारा मोठा रस्ता कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार यांच्या नावाने ओळखला जातो. १२ एप्रिल २००६ रोजी राहत्या घरी हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांचे धाकटे पुत्र पुनीत हेही हृदयविकाराने, अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. त्यानंतर शहरातील रुग्णालयांत हृदयतपासणीसाठी रांगा लागल्या. तपासणी योग्यच; परंतु हृदय अचानक थांबते तेव्हा रुग्णालय बहुधा दूर असते.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय थांबणे यांत नेहमी गल्लत होते. झटक्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. मात्र त्याच तडाख्यात, किंवा आधीच दुबळ्या झालेल्या हृदयस्नायूमुळे, क्वचित आनुवंशिक दोषानेही, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांची, म्हणजे जवनिकांची, लय बिघडू शकते. ठोके अतिशय वेगाने पडू लागतात. पुढे जवनिका आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात. रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत माणूस कोसळतो. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

ही थरथर मोडतो तो विजेचा धक्का. अमेरिकेतील जुगारगृहांच्या सुरक्षारक्षकांना तो देण्याचे शिक्षण देण्यात आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तीन मिनिटांच्या आत धक्का मिळालेल्यांपैकी ७४ टक्के रुग्ण वाचले. त्यानंतर मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. जागा जुगाराची, पण हिशेब चोख! रक्षक आणि कॅमेरे तर बँकेच्या शाखेतही असतात.

'एईडी' नावाचे हे छोटे यंत्र हृदयाची लय स्वतः तपासते, बोलून सूचना देते आणि आवश्यक असेल तरच धक्का देण्यास सांगते. ते येईपर्यंत १०८ क्रमांकावर कळवावे व रुग्णाच्या छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. फासळी मोडेल या भीतीने थांबू नये.

जून २०२१ मध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन कोपनहेगनच्या मैदानात कोसळला. छातीदाब आणि धक्का दोन्ही मैदानावरच मिळाले. पुढे लय बिघडताच आतूनच धक्का देणारे उपकरण त्याच्या शरीरात बसवण्यात आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो पुन्हा सामना खेळला.