सीपॅपचा पहिला महिना: आकडा भारी आला, पण तास किती भरले?



आज मार्केटिंग नाही, जीएसटी नाही. आज झोपेबद्दल बोलायचंय. "सर, हा काय धंद्याचा विषय आहे का?" असं म्हणणारे असतील, त्यांनी निदान अंकली पुलापर्यंत तरी वाचावं.

सुरुवात रेल्वेत झाली. मुंबईत एक ट्रेनिंग होतं म्हणून रात्री मिरजेतून महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसलो. सकाळी कल्याण गेल्यावर समोरच्या बर्थवरचे काका म्हणाले, "साहेब, घोरण्याचं काही नाही हो, आम्हीपण घोरतो. पण तुम्ही मध्येच थांबता. दोनदा उठून बघितलं मी, श्वास चालू आहे का ते." मी हसलो. घरी येऊन बायकोला गंमत म्हणून सांगितलं, तर ती काही हसली नाही. "अहो, दोन वर्षं मी वेगळं काय सांगतेय?"

तरीही मी काही केलं नाही. सात-आठ तास झोप होत होती, मग अडचण कुठली? सकाळी डोकं जड असायचं, ते जागरणाच्या नावावर टाकलं. दुपारी तीननंतर बॅचसमोर उभं राहून शिकवताना शब्द सापडायचे नाहीत, ते वयाच्या नावावर. एका सप्लायरला एकच बिल दोनदा पेड केलं. दहा वर्षांच्या जुन्या कस्टमरवर फोनवर उखडलो. हे सगळं "कामाचा लोड" या एकाच खात्यावर चढवत गेलो. आपल्या लोकांना थकवा मिरवायला आवडतो, मलाही आवडायचा.

मग एका संध्याकाळी कोल्हापूरहून गाडी चालवत येत होतो. जयसिंगपूर मागे पडलेलं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते एकदम एका ट्रकचा हॉर्न आणि माझी दोन चाकं रस्त्याच्या खाली. अंकलीचा पूल अजून पुढे होता. कुणाला काही झालं नाही. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं नुसता बसून राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो.

मिरजेत डॉक्टर शोधायला लांब जावं लागत नाही. १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून पार कर्नाटकातून पेशंट या गावात येतात. आणि गावातच राहणारा मी दोन वर्षं गेलो नव्हतो.

छातीरोगाच्या डॉक्टरांनी आधी आठ प्रश्न विचारले. स्टॉप-बँग म्हणतात त्याला, टोरांटोच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये तयार केलेली प्रश्नावली. जोरात घोरता का, दिवसा थकलेले असता का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी आहे का, वजन, वय, गळ्याचा घेर, आणि पुरुष की स्त्री. तीन किंवा जास्त ठिकाणी "हो" आलं की तपासणी करून घ्यावी. माझी सहा आली.

तपासणी घरीच झाली. नाकाशी एक बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप, आणि झोपायचं. काहींना हॉस्पिटलमध्ये रात्रभर ठेवून मेंदूच्या लहरींसकट पूर्ण अभ्यास करावा लागतो. कुणाला काय हवं ते डॉक्टर ठरवतात. रिपोर्टवर एक आकडा ठळक होता: एएचआय ३८. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते किंवा अरुंद होते. निदान दहा सेकंद असं झालं की ती एक घटना. तासाला अशा किती घटना होतात, तो एएचआय. पाचच्या आत नॉर्मल, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. सात तासांच्या झोपेचा हिशेब मी तिथेच मनात केला, अडीचशेच्या वर. प्रत्येक वेळी मेंदू अर्धवट जागा होतो, श्वास सुरू करतो, परत झोपतो, आणि सकाळी आपल्याला काहीच आठवत नाही. दुकानाचं शटर रात्रीतून अडीचशे वेळा उघड-बंद केल्यासारखं.

हा माझ्या एकट्याचा आजार नाही. मुंबईत डॉ. झरीर उडवाडिया यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला होता, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात सुमारे साडेसात टक्के लोकांना दिवसाच्या गुंगीसकट हा आजार निघाला, आणि ते सगळे नेहमीच्या हेल्थ चेकअपसाठी आलेले, म्हणजे स्वतःला ठणठणीत समजणारे लोक. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. आपण बातमी वाचली आणि पुढे गेलो.

उपाय म्हणजे सीपॅप मशीन. हवेचा हलका दाब मास्कमधून सतत देत राहायचा, म्हणजे घसा आतून उघडा राहतो. या मशीनची गोष्ट आपल्या चॅनलवर शोभेल अशी आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सुलिवन नावाचे डॉक्टर होते. तेव्हा तीव्र आजारावर खात्रीचा इलाज एकच, गळ्याला भोक पाडून श्वासनळी उघडायची. १९८० मध्ये एका पेशंटने त्याला नकार दिला. सुलिवन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीचा ब्लोअर घेतला, नाकावर बसेल असा मास्क हाताने बनवला, आणि त्या माणसाला रात्रभर शांत झोप लागली. पाच पेशंटांवरचा त्यांचा लेख १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सुरुवातीचे मास्क तर रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावे लागायचे. आज मशीन डब्याएवढं झालंय आणि आवाज जवळपास नाही. तरी मी पहिल्या रात्री ते काढून फेकलं.

"लावा आणि झोपा"

ज्या दुकानातून मशीन घेतलं त्याचं नाव सांगणार नाही. चाळीस हजारांच्या वर बिल झालं. त्यांनी पिशवी हातात दिली आणि म्हणाले, "सोपं आहे सर, लावा आणि झोपा." मास्कचा साइज बघितला नाही. मी रात्री तोंडाने श्वास घेतो का, हे विचारलं नाही. पहिली रात्र चाळीस मिनिटं. दुसरी रात्र दीड तास, डोळ्यात हवा जात होती म्हणून पट्टे आवळले, तर नाकावर लाल वळ उठला आणि हवा जास्तच सुटायला लागली. चौथ्या दिवशी मशीन परत खोक्यात घालणार होतो.

पुढे डॉक्टरांकडच्या टेक्निशियनने अर्ध्या तासात जे केलं, ते दुकानात व्हायला हवं होतं. बसवून नाही, आडवं झोपवून, मशीन चालू ठेवून मास्क बसवला, कारण झोपल्यावर गालांचा आकार बदलतो. पट्टे आवळायचे नसतात, सैल करून गादी नीट टेकवायची असते. मिरजेत सतारमेकरांकडे कुणी जवारी लावून घेताना बघितलंय का? कारागीर जरासं घासतो, तार छेडून ऐकतो, परत जरासं घासतो. मास्कचंही तसंच, थोडं सरकवा, कुशीवर वळा, ऐका. माझं तोंड उघडं राहत होतं, म्हणून नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिला. ज्यांना नाकाने श्वास जमतो त्यांना छोटा मास्क पुरतो, आणि तो बरा वाटतो.

दुसरं त्यांनी सांगितलं ते मला फार उपयोगी पडलं: संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसा. झोपायचं नाही, नुसती सवय. आमच्या धाकट्याने "बाबा पायलट" म्हणून फोटो काढला, काढू दे. आठवडाभरात गुदमरल्यासारखं वाटणं गेलं. रॅम्प नावाची सोय असते, तीत दाब कमी सुरू होऊन हळूहळू वाढतो, ती चालू केली. घसा कोरडा पडत होता म्हणून ह्युमिडिफायर वाढवला, तर थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड ऐकू येऊ लागलं, म्हणून परत एक पायरी कमी. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं, बोअरच्या पाण्याने क्षार बसतात. सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकायचं, मास्कची गादी साध्या साबणाने धुवायची. दाबाच्या सेटिंगला मात्र स्वतः हात लावू नका, ते डॉक्टरांचं काम.

आता डेटा

इथे मी, हिशेब शिकवणारा माणूस, सपशेल चुकलो.

पाचव्या दिवशी सकाळी मशीनच्या स्क्रीनवर एएचआय २.१ आला. ३८ वरून २.१! मी स्क्रीनचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, सोबत दोन फटाके. त्यांचं उत्तर आलं, "वापर किती तास?" बघितलं तर दोन तास दहा मिनिटं.

मशीन चालू होतं तेवढ्याच वेळाचा तो आकडा. उरलेले पाच तास मी मास्क काढून झोपलो होतो, आणि त्यांची नोंद कुठेच नव्हती. त्यातून स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, तेव्हा स्नायू सगळ्यात सैल पडतात, आणि बऱ्याच जणांचा आजार तिथेच जास्त त्रास देतो. म्हणजे मी सोप्या वेळाचा हिशेब दाखवून अवघड वेळ लपवत होतो. कॅश काउंटर सकाळी अकरापर्यंतच बघायचा आणि दिवसभराची उधारी वहीत घ्यायचीच नाही, असा प्रकार.

म्हणून क्रम पाठ करा. आधी तास. अमेरिकेत विमा कंपन्या जो नियम लावतात तो निदान उंबरठा म्हणून बघा: ३० दिवसांतल्या ७० टक्के रात्री, म्हणजे २१ रात्री, चार-चार तास. ध्येय मात्र पूर्ण झोपेचं ठेवायचं, दुपारची डुलकीसुद्धा मास्क लावून.

मग लीक. मास्कला श्वास बाहेर सोडायला मुद्दाम बारीक भोकं असतात, ती हवा जाणारच. त्यापलीकडे कडेने सुटते ती खरी गळती. रेसमेडच्या मशीनला मिनिटाला २४ लिटरपर्यंत चालते, त्यावर गेलं की मास्क तपासा. पण मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनशी आकडा ताडू नका, काही कंपन्या भोकांची हवासुद्धा त्यात मोजतात. लीक जास्त असेल तर पुढच्या आकड्यांवर विसंबू नका.

एएचआय तिसरा. पाचच्या आत हवा. मशीनला तुम्ही झोपलात की कुशी बदलत पडलात हे कळत नाही, ते फक्त हवेचा प्रवाह बघतं. जागेपणी श्वास रोखला तरी कधी घटना मोजली जाते. एका रात्रीत ७ आला म्हणून घाबरायचं नाही, आठवड्याची सरासरी बघायची. एका दिवसाच्या गल्ल्यावरून कुणी दुकान बंद करतं का? मात्र काही मशीन "सेंट्रल" किंवा "क्लिअर एअरवे" अशा वेगळ्या घटना दाखवतात. यात घसा उघडा असतो, मेंदूच श्वासाचा हुकूम देत नाही. सुरुवातीला थोड्या दिसतात आणि बऱ्याच जणांच्या काही आठवड्यांत कमी होतात, पण त्या रोज येत राहिल्या तर डॉक्टरांना दाखवाच.

"९५ टक्के प्रेशर" असं काही दिसलं तर अर्थ सोपा आहे: रात्रीतला ९५ टक्के वेळ दाब त्या आकड्याच्या बरोबरीने किंवा खाली होता. ऑटो मशीन साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाणी या मोजमापात खाली-वर होत असतं. ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी 'ऑस्कर' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, मशीनचं एसडी कार्ड लावलं की मिनिटा-मिनिटाचा आलेख दिसतो. कार्ड कॉम्प्युटरला लावण्याआधी त्याचं छोटं लॉक खाली करा. मी दोन रात्री ते आलेख बघत एक वाजेपर्यंत जागलो, बायकोने कार्ड कपाटात ठेवलं.

पैसे वाचवायला जुनं मशीन घेणाऱ्यांसाठी एक: जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतल्या फोमच्या दोषामुळे जगभरातून लाखो मशीन परत मागवली होती. मॉडेल आणि सिरियल नंबर तपासल्याशिवाय सेकंड हँड घेऊ नका. आणि लाइट गेल्यावर काय, याचा विचार खरेदीआधीच करा. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर मशीनला फार कमी वीज लागते, घरचा इन्व्हर्टर बहुतेक वेळा रात्र काढतो.

ज्यांना यात धंदा दिसतोय

दिसायलाच हवा. माझ्या त्या दुकानदाराने मशीन विकलं आणि पहिला महिना फुकट घालवला. मास्कचे तीन साइज ट्रायलला, आडवं झोपवून फिटिंग, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी एक फोन, महिन्याचा रिपोर्ट काढून डॉक्टरांना पाठवणं, एवढं करणारा माणूस मिरज-सांगलीच्या पट्ट्यात डॉक्टर स्वतःहून सुचवतील. मास्कची गादी, फिल्टर, नळी हे परत परत लागणारं सामान आहे, ते कस्टमर मग दुसरीकडे कशाला घेईल? पण हे मेडिकल डिव्हाइस आहे. २०१७ च्या नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर विक्रीसाठी एमडी-४२ ची नोंदणी लागते, एफडीएकडे अर्ज करावा लागतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मशीन द्यायचं नाही, आणि दाब आपण ठरवायचा नाही.

माझा तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट परवा बघितला. रोजची सरासरी ६ तास २० मिनिटं, एएचआय २.८, तीन रात्री कोऱ्या. त्यातल्या दोन प्रवासाच्या, एक आळसाची. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही, पण त्या कोऱ्या रात्रीनंतरच्या दिवशी नको. मशीन भाड्याने देण्याच्या धंद्यात डिपॉझिट किती धरायचं आणि मास्कचा खर्च कसा काढायचा, तो हिशेब पुढच्या व्हिडिओत फळ्यावर मांडतो.